सेंट ऑरेलचं मत

"नाही, सेंट ऑरेलचं मत तुमच्याकडे नाही."

वाक्य शुद्ध मराठीत होतं आणि ते जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या इमारतीत, काचेच्या एका लांबलचक दालनात, माझ्या पाठीमागून आलं होतं. मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. पलीकडून मिरजेहून दादा ओरडत होता, "हॅलो! ज्योत्स्ना, आवाज यीना झालाय बघ तुझा!"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नगरपालिकेवर एकदा निवडून आला, दुसऱ्यांदा पडला, पण मतांच्या जुळवाजुळवीचा त्याचा नाद काही गेला नाही. मी जिनिव्हात काय काम करते हे घरात कुणालाच नीट उमगलं नव्हतं. दादाला मात्र पहिल्या झटक्यात कळलं होतं. "म्हंजे मतं फिरवायची. आपले किती, त्यांचे किती, कुंपणावर किती?" तेव्हापासून मतदान जवळ आलं की मी त्याला फोन करून सगळं सांगायची. या इमारतीत मराठी कुणाला कळतंय, या भरवशावर अगदी मोकळ्या आवाजात सांगायची.

मी वळून बघितलं. साठी ओलांडलेला सडपातळ माणूस, तपकिरी लोकरी कोट, गळ्यात मफलर, सोनेरी काड्यांचा चष्मा.

"फोन ठेव आधी," तो म्हणाला. "भावाला सांग, मागाहून करते म्हणून."

मी फोन बंद केला. "आपण कोण?"

"रघुवीर तेंडोलकर. वेंगुर्ल्याचा. तू सांगली-मिरजेकडची. 'लई ताणाताणी चाललीया' म्हणालीस तेव्हाच ओळखलं."

आपलं माणूस भेटल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो होतही होता, तेवढ्यात माझी नजर त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. त्यावर एका सल्लागार फर्मचं नाव होतं. ती फर्म तारवान सरकारची वकिली करते हे त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि तारवानच्या विरोधातला ठराव मंजूर करून घेणं हेच तर माझं काम होतं.

तारवानच्या डोंगराळ भागात ओश्रा नावाचं खाणीचं गाव आहे. तिथल्या खाणकामगारांनी संप केला. लष्कर आलं, संपकऱ्यांना ट्रकमध्ये घालून घेऊन गेलं आणि त्यातला एकही घरी परतला नाही. सरकार म्हणत होतं की माणसं सीमा ओलांडून पळून गेली. परिषदेने चौकशीपथक नेमलं होतं. त्याची मुदत आता संपत होती. ती वाढवायची की नाही, यावर मतदान व्हायचं होतं. मुदत वाढली नाही तर पथक बरखास्त, कागद कपाटात आणि विषय संपला. आमची संस्था छोटी होती. मार्गो ही आमची प्रमुख, बेल्जियमची, आणि हाताखाली आम्ही दोघं-तिघं. आम्ही राजदूतांच्या मागे लागायचो, त्यांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचो आणि एकेक मत पदरात पाडून घ्यायचो.

"सेंट ऑरेलच्या राजदूत, मादाम मोंतरे, विरोधात मत देणार नाहीत," तेंडोलकर शांतपणे म्हणाले. "बाजूनेही देणार नाहीत. मतदानाच्या वेळी त्यांची खुर्ची रिकामी असेल. मतं समान पडतील, आणि समान पडली की ठराव पडतो, हे तुला माहीतच आहे."

"हे तुम्ही मला का सांगताय?"

"मराठीत बोलायला मिळालं म्हणून," असं म्हणून ते हसले आणि चालते झाले.

त्या हसण्यानेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी मार्गोला सगळं सांगितलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. संशय घेणं हा तिच्या कामाचाच भाग होता, आणि त्यात ती तरबेज होती.

"तुला एकटीलाच का सांगितलं?"

"मी मराठी बोलताना त्यांनी ऐकलं."

"म्हणजे आपलं गणित त्यांच्याकडे पोचलंय."

"माझं फोनवरचं बोलणं ऐकलं एवढंच. त्यात गुपित काही नव्हतं."

"हे तू म्हणतेस. मला तुझी भाषा कळत नाही."

एवढं बोलून तिने विषय थांबवला. मादाम मोंतरे आमच्याच आहेत, त्यांनी तिला तोंडी शब्द दिलाय, असं तिचं म्हणणं पडलं. तिच्या मते हा माणूस आम्हाला त्यांच्या मागे पळवणार आणि तेवढ्यात दुसरीकडची मतं फोडणार. मलाही ते पटलं. दादाचंही तेच मत होतं. "आगं, विरोधी पार्टीचा माणूस फुकटात सल्ला द्यायला लागलाय म्हंजे कुठंतरी पाणी मुरतंय. त्याच्या सावलीलाबी उभं राहू नको."

पण दुसऱ्याच दिवशी भलतंच झालं.

ओश्राहून दारिना नावाची एक बाई आमच्यासोबत आली होती. तिच्या नवऱ्याला, इलियारला, तिच्या डोळ्यांदेखत ट्रकमध्ये चढवलं होतं. परिषदेपुढे ती साक्ष देणार होती. तिला आम्ही गावाबाहेर, नन्सच्या एका मठाच्या अतिथिगृहात ठेवलं होतं. तो पत्ता मला, मार्गोला आणि मठाच्या प्रमुख सिस्टरना सोडून कुणालाही माहीत नव्हता. सकाळी सिस्टरचा फोन आला. फाटकाशी एक माणूस येऊन गेला होता. दारिनाचा चुलतभाऊ आहे, असं सांगत होता. दारिनाला चुलतभाऊ नव्हता.

मार्गोने लगेच दारिनाला तिथून हलवून स्वतःच्या घरी नेलं. मग ती ऑफिसात आली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"सिस्टर कुणाला सांगणार नाहीत. मी सांगितलेलं नाही."

"आणि मी सांगितलंय, असं तुला म्हणायचंय?"

"मी काही म्हणत नाहीये, ज्योत्स्ना. मतदानापर्यंत मी तुला सगळ्या गोष्टी सांगणार नाही, एवढंच. रागावू नकोस. माझ्या जागी तू असतीस तर तूही हेच केलं असतंस."

ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. त्या दिवसापासून मी खोलीत गेले की बोलणी थांबायला लागली. आणि खोटं कशाला बोलू, मलाही मार्गोचा संशय यायला लागला. दारिनाला स्वतःच्या घरी न्यायची तिला एवढी घाई का? मादाम मोंतरेंना पुन्हा भेटायला ती इतकी का कचरते? कॉफीच्या रांगेत कुणी मागे उभं राहिलं तरी मी मान वळवून बघायची. दादाला फोन करणं मी बंद केलं.

रविवारी मी तेंडोलकरांच्या घरी गेले. त्यांच्याच निरोपावरून गेले, पण त्या माणसाच्या मनात काय आहे ते एकदा तोंडावर विचारायचं ठरवून गेले. दार त्यांच्या बायकोने, कुमुदकाकूंनी उघडलं.

"ये गो बाय. जेवल्याशिवाय जायचं नाय हां," त्या म्हणाल्या. घरात तळलेल्या माशांचा वास दरवळत होता. टेबलावर सोलकढीचे पेले मांडले होते. कितीतरी महिन्यांत असं अन्न मी बघितलं नव्हतं. तरीही माझा हात पेल्याकडे जाईना. कुमुदकाकूंच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी माझ्या पेल्यातली सोलकढी आपल्या पेल्यात ओतून घेतली, आपली माझ्या पेल्यात ओतली, आणि घोट घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमचा माणूस मठावर गेला होता?" मी तेंडोलकरांना विचारलं.

"जेव आधी."

"मी विचारतेय."

"आणि मी सांगतोय, जेव आधी."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते उठून आतल्या खोलीत गेले, पण दार अर्धवट उघडंच राहिलं. ते फ्रेंचमध्ये बोलत होते. "हो, मंत्रिमहोदय. अजून तिची खात्री पटलेली नाही. हो. मी बघतो." बाहेर आले तेव्हा चेहरा होता तसाच होता. 'तिची' म्हणजे माझी. तारवानचा कुणी मंत्री माझ्याविषयी विचारत होता.

मी उठले.

"बस," ते म्हणाले. "एवढं ऐक आणि मग जा. सेंट ऑरेल हे एवढंसं बेट. त्यांना बंदर हवंय. ते बंदर तारवान बांधून देणार आहे. म्हणून राजधानीतून मादाम मोंतरेंना हुकूम आलाय, मतदानाच्या वेळी सभागृहाबाहेर राहा. बाईंना तो आवडलेला नाही. पण हुकूम मोडायचा तर वर लिहून कळवता येईल असं कारण लागतं. भाषणं त्यांनी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांना ती ओश्राची बाई भेटव."

"म्हणजे दारिनाला मी उघड्यावर आणायचं. तुमच्या सांगण्यावरून."

"हो."

"आणि तिला काही झालं तर?"

तेंडोलकरांनी चष्मा पुसला. "धोका नाही, असं मी म्हणणार नाही. तुझा विश्वास नसेल तर नको ठेवू. मादाम दर मंगळवारी दुपारी वनस्पती उद्यानातल्या काचघरात जातात. तिथला दमट वास त्यांना घरच्यासारखा वाटतो म्हणे."

मी न जेवताच निघाले. कुमुदकाकू दारापर्यंत आल्या. "रागावली काय गो?" त्यांनी हळूच विचारलं. मी त्यांना नमस्कार केला आणि जिना उतरले.

दोन रस्ते होते. ऐकलेलं गिळून गप्प बसायचं, किंवा मार्गोच्या पाठीमागे दारिनाला गाठायचं. मला दोन्ही नको होते. मी सरळ मार्गोच्या घरी गेले, दारिनाला बोलावून घ्यायला सांगितलं आणि दोघींसमोर सगळं सांगून टाकलं. आतल्या खोलीतला तो फोनही सांगितला. आम्ही तिघी जर्मनमध्ये बोलायचो. दारिना तरुणपणी व्हिएन्नात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होती, आणि मी पुण्यात जर्मन शिकले होते.

मार्गो ऐकता ऐकताच उठून उभी राहिली. "तू त्यांच्या घरी गेलीस? जेवायला?"

"जेवले नाही."

"हा सापळा आहे. शेंबड्या पोरालाही कळेल. मंत्र्याशी बोलत होता, हे तूच सांगतेस!"

"असेल सापळा. म्हणून तर सांगायला आले."

दारिना सोफ्याच्या कडेला बसून ऐकत होती. रुंद हाडाची बाई, केस घट्ट बांधलेले, हात मांडीवर. आमचं भांडण जरा थांबलं तसं तिने विचारलं, "ती काळी बाई नाही आली तर आपण हरणार?"

मादाम मोंतरेंना ती तसंच म्हणायची. त्यात वाकडं काही नव्हतं.

"बहुतेक," मी म्हणाले.

"मग मी जाते."

"दारिना, तुला कळतंय का, हा माणूस कुणाचा नोकर आहे ते?" मार्गो म्हणाली.

"कळतंय. पण मी इथं आले तेव्हापासून मला कुठं बसायचं, कुठं झोपायचं, खिडकीशी उभं राहायचं की नाही, ते तुम्ही ठरवता. तुम्ही चांगल्या आहात. पण तो नवरा माझा आहे."

मार्गोने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेतला संशय गेला नव्हता, पण ती खाली बसली. "मी पण येणार," ती म्हणाली. "आणि ज्योत्स्ना, काही झालं तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

मंगळवारी बोचरा वारा सुटला होता. तळ्याकडून येणारा तो वारा जिनिव्हात हाडांपर्यंत पोचतो. काचघराचं दार ढकललं आणि एकदम घाम फुटावा अशी ऊब अंगावर आली. केळी, सुपारी, मोठ्या पानांच्या वेली. मार्गो दाराशी थांबली. आत बाकावर ठेंगणी, वयस्क मादाम मोंतरे कोट काढून, डोळे मिटून बसल्या होत्या. मला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"इथे मी कुणाला भेटत नाही."

"माहीत आहे, मादाम. या दारिना. ओश्राच्या."

त्या काही बोलायच्या आत पलीकडच्या वाटेवर पावलं वाजली. राखाडी ओव्हरकोटातला एक उंच माणूस वेलींच्या आडून आमच्याकडे येत होता. हात खिशात. मी दारिनाच्या आणि त्याच्या मधे जाऊन उभी राहिले. मार्गो दारापासून धावतच आली. तो माणूस थांबला. त्याने आमच्या तिघींकडे आळीपाळीने बघितलं आणि मग मादामना विचारलं, "गाडी आणू का?"

"थांब थोडा, फ्रँकी," मादाम म्हणाल्या. तो त्यांचा ड्रायव्हर होता.

दारिना एकटी हसली. आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या हसण्याने मादामचा चेहराही किंचित सैल झाला. त्यांनी बाकावर सरकून जागा केली आणि दारिना शेजारी बसली. दारिना जर्मनमध्ये बोलत होती आणि मी मादामना फ्रेंचमध्ये सांगत होते.

"मला सगळी हकिगत सांगू नका," मादाम म्हणाल्या. "ती मी वाचली आहे. मला एकच विचारायचंय. आमच्या बेटावर वादळं होतात. धक्का नाही, आडोसा नाही. होड्या फुटतात, माणसं जातात. माझा सख्खा भाऊ तसाच गेला. आम्हाला बंदर हवंय आणि ते तारवान बांधून देणार आहे. तुमच्या नवऱ्यासाठी मी ते का घालवावं?"

हा प्रश्न दारिनाला सांगताना माझी जीभ जड झाली. पण मी शब्द बदलले नाहीत.

"आमच्याकडे समुद्र नाही," दारिना म्हणाली. "बंदराचं मला काही कळत नाही. भाऊ गेला, ते कळतं. त्या दिवशी इलियारला ट्रकमध्ये चढवलं तेव्हा मी कर्नलच्या पायाशी गेले. तो चांगलं बोलला. म्हणाला, रडू नका, संध्याकाळी जेवायच्या वेळेला घरी पाठवतो. मी जाऊन स्वयंपाक केला." ती थांबली. "तुम्हाला बंदर देतो म्हणतात ती हीच माणसं."

काचेवर बाहेरून वारा आपटत होता. मादाम मोंतरेंनी विचारलं, "हे मी माझ्या राजधानीला कळवू?"

"कळवा. माझ्या नावानिशी कळवा."

"तुमच्या घरी कोण आहे?"

"मुलगी."

"मग नाव नको," मादाम म्हणाल्या. त्यांनी कोट उचलला. "आणि आपण भेटलो नाही." शब्द त्यांनी दिला नाही.

मतदानाच्या दिवशी मी सभागृहाच्या मागच्या रांगेत बसले होते. शेजारी मार्गो होती. दारिनाने आदल्याच दिवशी साक्ष दिली होती. आता ती वर प्रेक्षकांच्या सज्जात होती. समोर तारवानचा राजदूत आरामात रेलून बसला होता आणि त्याच्या मागे तेंडोलकर, हाताची घडी घालून. अध्यक्षांनी ठराव पुकारला. मी सेंट ऑरेलच्या पाटीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती.

"तुझा तो मराठी काका खरं बोलत होता तर," मार्गो पुटपुटली. "निदान अर्धं."

काचघराची सगळी धडपड म्हणजे आम्हाला नादी लावायचा डाव होता आणि तेवढ्यात आणखी कुठली तरी मतं निसटली असणार, असंच वाटलं. अध्यक्ष म्हणाले, मतदान सुरू होत आहे. फलकावर देशांच्या नावांपुढे दिवे उमटायला लागले. हिरवे, लाल, हिरवे. इतक्यात बाजूचं दार उघडलं. मादाम मोंतरे कुणाकडेही न बघता, कुठलीच घाई न करता आपल्या खुर्चीपर्यंत आल्या, बसल्या आणि बटण दाबलं.

हिरवा.

ठराव एका मताने मंजूर झाला.

मार्गोने मला मिठी मारली. कानाशी "माफ कर" म्हणाली. तारवानचा राजदूत उठून उभा राहिला होता आणि त्याचा चेहरा रक्त उतरल्यासारखा झाला होता. गर्दीतून वाट काढत मी तेंडोलकरांना गाठलं. "काका," मी म्हणाले, "तुमचे आभार कसे..."

त्यांनी माझ्याकडे ओळखीची खूणही न देता बघितलं. "माफ करा, बाईसाहेब," ते इंग्रजीत म्हणाले, "आपली गल्लत होतेय." आणि राजदूताच्या मागोमाग बाहेर पडले.

मी त्यांच्यावर रागावले नाही. मला वाटलं, केवढं धाडस केलं या माणसाने! आपल्याच अशिलाविरुद्ध गेला आणि आता जीव मुठीत धरून वागतोय. कितीतरी दिवस मी त्यांची ही प्रतिमा मनात जपली. दादालाही सांगितली. तो म्हणाला, "माणूस चांगला निघाला, पर मला अजून पटंना."

हिवाळ्याच्या तोंडाशी तारवानहून बातमी आली. चौकशीपथकाच्या अहवालात लष्करप्रमुखाचं नाव आलं होतं. त्याला अटक झाली. अटक करवणारा होता परराष्ट्रमंत्री. महिन्याभरात तोच राष्ट्राध्यक्ष झाला आणि टीव्हीवर छातीवर हात ठेवून म्हणाला, ओश्राला न्याय मिळेल. मी टीव्हीसमोर उभीच राहिले. 'हो, मंत्रिमहोदय. अजून तिची खात्री पटलेली नाही.'

तेंडोलकरांच्या घरी गेले तेव्हा सामानाची खोकी बांधून झाली होती. ते दोघं कायमचे वेंगुर्ल्याला निघाले होते. कुमुदकाकूंनी मला बघून चहा टाकला.

"तुम्हाला पगार कोण देत होतं, काका?" मी विचारलं.

"कळलं तर तुला," ते म्हणाले. आवाजात खेद नव्हता, तोराही नव्हता. "फर्मला तारवान सरकार देत होतं. सरकारात दोन माणसं होती, लष्करप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री. राजदूत जनरलचा. मी मंत्र्याचा. मंत्र्याला जनरल नको होता, पण त्याला हात लावायची हिंमत नव्हती. ती तुमच्या ठरावाने दिली."

"म्हणजे आम्ही तुमचं काम केलं."

"आणि मी तुमचं."

"मला वाटलं होतं तुम्ही..." मी थांबले. काय वाटलं होतं ते सांगायची लाज वाटली.

"मी माझ्या अशिलाचंच काम केलं, बाय. तू मला देवमाणूस समजलीस त्याला माझा इलाज नाही."

"आणि मठावर आलेला माणूस?"

"तो मीच पाठवला होता. पत्ता राजदूताच्या लोकांना कळला होता. तुम्ही तिला हलवावं म्हणून पाठवला. उघड सांगितलं असतं तर तुझा विश्वास बसला असता?"

ते खरं होतं की तिथल्या तिथे रचलेलं होतं, ते मला आजही ठाऊक नाही. कुमुदकाकू चहा घेऊन आल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि कप ठेवून आत गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेल म्हणून मी बघत राहिले, पण काही कळलं नाही.

उन्हाळ्यात चौकशीपथकाला ओश्राची जुनी, बंद पडलेली खाण उघडता आली. इलियार तिथेच होता. बाकीचेही तिथेच होते.

दफनाला मी गेले. डोंगराच्या उतारावर सगळं गाव लोटलं होतं. आदल्या दिवशी मी दारिनाला एका बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. तिला अंधारात ठेवणं मला जमेना. ठराव कुणाला हवा होता, कशासाठी हवा होता, मादाम मोंतरेंना भेटवायची युक्ती कुणाच्या डोक्यातली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पण ती बाई आली ती माझं ऐकूनच ना?" मी हो म्हणाले. ती पुन्हा भाकरीचं पीठ मळायला लागली.

मादाम मोंतरेंना त्यांच्या सरकारने केव्हाच परत बोलावून घेतलं होतं. बंदराचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही.

कबरीवर माती लोटून झाली आणि खालच्या रस्त्यावर सरकारी गाड्या येऊन थांबल्या. टीव्हीवाले पुढे धावले. एक तरुण अधिकारी राष्ट्राध्यक्षांचं पुष्पचक्र घेऊन वर आला. पांढऱ्या फुलांचं, भलंमोठं. त्यावर रुंद सोनेरी फीत होती आणि फितीवर मोठ्या अक्षरांत राष्ट्राध्यक्षांचं नाव. त्याने सलाम ठोकला. कॅमेरे दारिनाच्या तोंडावर रोखले गेले. ती ते भिरकावून देईल असं मला वाटलं. बाकीच्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण तिच्या मुलीने तिचा दंड धरला.

दारिनाने मुलीचा हात हळूच बाजूला केला. तिने पुष्पचक्र घेतलं, गुडघ्यावर टेकवलं आणि फितीची गाठ सोडवायला लागली. गाठ घट्ट होती. तिने ती दातांनी ओढून सोडवली. मग फीत नीट गुंडाळून त्या अधिकाऱ्याच्या हातात दिली.

"फुलं ठेवते," ती म्हणाली. "नाव परत घेऊन जा."